नवीन फ्लॅट गळतोय, भिंतीला तडे गेलेत? बिल्डरकडून फुकट दुरुस्त करून कसं घ्यायचं, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत

पझेशन मिळतं, वास्तुशांत होते, सोसायटीच्या ग्रुपवर अभिनंदनाचे फुलांचे फोटो पडतात, आणि मग पहिला पावसाळा येतो आणि बेडरूमच्या कोपऱ्यात ओलीचा नकाशा उमटतो. तुम्ही साइट ऑफिसला जाता. तिथला सुपरवायझर येऊन भिंतीला हात लावून बघतो, मान हलवतो आणि म्हणतो, "साहेब, एक पावसाळा जाऊ द्या, बिल्डिंग सेट होतेय." आपण मान डोलावून घरी येतो. दिवाळीआधी एक माणूस येतो, पुट्टी मारतो, रंग लावतो, पुढच्या आषाढात नकाशा परत हजर, फक्त या वेळी जरा मोठा.

आमच्या बिल्डिंगमध्ये हेच तीन वर्षं चाललं. वरच्या मजल्यावरच्या चार फ्लॅटवाल्यांनी मिळून निदान पन्नास फोन केले असतील, आणि शेवटी जेव्हा वकिलाकडे गेलो तेव्हा त्याने पहिला प्रश्न विचारला, "लेखी काय दिलंय?" आणि आमच्याकडे दाखवायला होतं ते म्हणजे एक व्हॉट्सॲप मेसेज, त्यावर आलेला अंगठा, बास. हा लेख त्या एका प्रश्नासाठी लिहितोय. कायद्याने हक्क दिलेला आहे, चांगला भक्कम दिलाय, तो मागायलाही लागत नाही, पण तुम्ही वेळेत लेखी कळवलं नाही तर तो सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

हा हक्क येतो कुठून

आधी हे समजून घ्या, कारण बिल्डरशी बोलताना उपयोगी पडतं. आपण दुकानातून मिक्सर घेतला तर १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट आहे, त्याच्या कलम १६ मध्ये काही अटी न लिहिताच गृहीत धरलेल्या आहेत, म्हणजे बिलावर एक अक्षर नसलं तरी माल विकण्यालायक दर्जाचा असायला हवा. पण घर हा 'माल' नाही, ती स्थावर मालमत्ता. तिच्यासाठी जुना कायदा म्हणजे १८८२ चा ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, त्यात कलम ५५ आहे. ते विकणाऱ्याला म्हणतं की मालमत्तेतला किंवा टायटलमधला, म्हणजे मालकी हक्कातला, जो मोठा दोष तुला माहीत आहे, घेणाऱ्याला माहीत नाही आणि साधी काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही, तो तू सांगितलाच पाहिजे. शिवाय जो हक्क मी विकतोय तो खरोखर माझ्याकडे आहे आणि तो विकायचा अधिकार मला आहे, हे वचन विकणाऱ्याने दिलंच आहे असं कायदा धरून चालतो, करारात वेगळं काही ठरलं नसेल तर. पण प्लास्टर चांगलं आहे, स्लॅब गळणार नाही, असलं वचन त्यात कुठेच गृहीत धरलेलं नाही. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं असा तो जमाना.

महाराष्ट्रात १९६३ मध्ये मोफा आला, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स ॲक्ट. त्याच्या कलम ७ नुसार ताबा दिल्यापासून तीन वर्षांत बांधकामातला किंवा मटेरियलमधला दोष कळवला तर बिल्डरने जिथे शक्य असेल तिथे फुकट दुरुस्त करायचा, नाही तर वाजवी भरपाई द्यायची. मोफा अजूनही रद्द झालेला नाही बरं का, पुष्कळ लोकांना वाटतं रेरा आला आणि तो गेला.

आणि मग रेरा, घरबांधणी आणि विक्रीवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा कायदा. महारेराचं, म्हणजे हा कायदा राबवणाऱ्या महाराष्ट्रातल्या प्राधिकरणाचं, काम १ मे २०१७ पासून सुरू झालं. आपल्या कामाचं कलम १४ चं पोटकलम ३, हा आकडा पाठच करून ठेवा. त्यात म्हटलंय की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत स्ट्रक्चरल दोष, किंवा कारागिरीतला, दर्जातला, सेवा-सुविधांमधला कुठलाही दोष बिल्डरच्या नजरेस आणून दिला तर त्याने तो ३० दिवसांत एक पैसाही न घेता दुरुस्त करायचा, आणि नाही केला तर तुम्हाला भरपाई मिळण्याचा हक्क आहे.

यातले शब्द नीट बघा. पाच वर्षांत केस टाकायची असं नाही म्हटलेलं, पाच वर्षांत "नजरेस आणून द्यायचं" असं म्हटलंय. म्हणजे पझेशनला चार वर्षं अकरा महिने झालेत आणि आज तडा दिसला तर आज रात्री बसून मेल करा, उद्या पोस्टात जा, वकील नंतर बघू. दुसरं म्हणजे फक्त कॉलम-बीमचे दोष नाही, कारागिरी आणि दर्जा हे शब्दही आहेत, म्हणजे बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, पोकळ बसवलेल्या टाइल्स, गळणारी खिडकी, उलटा ढाळ, हे सगळं त्यात बसतं. आणि तिसरं, जे कमिटीवाल्यांनी लक्षात ठेवायचं, की सोसायटीच्या नावाने कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन-इमारतीचं हस्तांतरण, झालं म्हणून ही जबाबदारी संपत नाही. कलम ११ मध्ये हे स्वच्छ लिहिलंय, पण "आता बिल्डिंग तुमची झाली, तुम्हीच बघा" हे ऐकून गप्प बसलेल्या कमिट्या मी पाहिल्यात.

तुमचं प्रोजेक्ट यात येतं का

दोन मिनिटांचं काम आहे. ॲग्रीमेंटवर महारेराचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, इंग्रजी पी ने सुरू होणारा, तो वेबसाइटवर टाकून बघा, प्रोजेक्टचं पूर्ण पान उघडतं. त्यावर मंजूर नकाशे, बिल्डरचा रजिस्टर्ड पत्ता, भागीदार किंवा डायरेक्टर, आर्किटेक्ट, स्ट्रक्चरल इंजिनिअरची नावं मिळतात. ते सगळं पान आजच पीडीएफ करून ठेवा, नोटिशीला पत्ता तिथूनच घ्यायचाय.

५०० चौरस मीटरपर्यंतचा प्लॉट असेल किंवा एकूण आठपेक्षा जास्त फ्लॅट नसतील तर रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. अशा छोट्या बिल्डिंगवाल्यांनी हिरमुसायचं कारण नाही, मोफाची तीन वर्षं आहेत आणि ग्राहक आयोगाचं दार आहेच, फक्त घड्याळ जास्त वेगाने पळतं एवढं धरून चाला. रिडेव्हलपमेंटमधल्या जुन्या सभासदांची गोष्ट वेगळी, त्यांचा मुख्य आधार म्हणजे सोसायटीने बिल्डरशी केलेलं डेव्हलपमेंट ॲग्रीमेंट. तेव्हा ते सहीला यायच्या आधीच पाच वर्षांच्या दोषनिवारणाची अट जुन्या सभासदांच्या फ्लॅटलाही लागू राहील असं त्यात शब्दात लिहून घ्या, नंतर भांडत बसू नका.

पझेशनच्या दिवशी पेढे नंतर, आधी तपासणी

ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आलीय का ते आधी विचारा. ओसी नसताना "फिट-आउट पझेशन" नावाचा प्रकार देतात, म्हणजे किल्ली घ्या, इंटिरियर सुरू करा, कागद मागून येतील. यात गंमत अशी की पुढे तडा गेला की बिल्डर म्हणतो तुमच्या इंटिरियरवाल्याने ठोकाठोकी केली, आणि पाच वर्षं नेमकी कुठल्या तारखेपासून मोजायची यावरही वाद घालायला जागा मिळते. ओसी न मिळवणं ही सेवेतली त्रुटी असून तो चालू राहणारा दोष आहे असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२२ मध्ये मुंबईतल्या एका सोसायटीच्या केसमध्ये म्हटलंय, त्यामुळे तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, पण मुळात त्या फंदात पडूच नका. ओसी आल्यावर ताबा घ्यायला कायद्याने दोन महिने दिलेत, एका दुपारीच सही करा अशी जबरदस्ती कुणी करू शकत नाही.

तपासणीला सोबत काय न्यायचं, तर एक रुपयाचं नाणं, एक गोटी, एक बादली, टेप, बॅटरी, मोबाइल चार्जर, आणि जमलं तर ओळखीचा एखादा जुना गवंडी. खरंच सांगतो, दिवसाची हजेरी देऊन नेलेला गवंडी जे पकडतो ते आपल्याला दिसत नाही. तो ओळंबा आणि गुण्या घेऊन येतो आणि अर्ध्या तासात सांगतो की किचनची भिंत सरळ नाही आणि ओट्याचा कोपरा काटकोनात नाही.

नाणं टाइल्सवर वाजवत फिरा, प्रत्येक टाइलवर, चारही कोपऱ्यांवर. भरीव आवाज आला तर ठीक, ढब्ब असा पोकळ आवाज आला तर खाली मसाला नीट भरलेला नाही, ती टाइल कपाट सरकवताना फुटणार. तिच्यावर खडूने फुली मारून फोटो. गोटी बाथरूममध्ये आणि बाल्कनीत सोडा, ती नहाणी ट्रॅपकडे गेली पाहिजे, दाराकडे आली तर ढाळ उलटा आहे. बादली ओता आणि पाणी कुठे साचतं ते बघा. चार्जर प्रत्येक प्लगला लावून बघा. बॅटरी भिंतीला अगदी लागून आडवी धरा, प्लास्टरचे उंचवटे, लपवलेले पॅच, पुट्टीखालचे तडे सगळे सावली टाकतात, वरून सरळ उजेड टाकला तर यातलं काहीच दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाची टेस्ट मात्र हट्टाने करून घ्या, ती म्हणजे टॉयलेटमध्ये पाणी साठवायची. ट्रॅपला बोळा लावायचा, एक-दोन इंच पाणी भरायचं, दाराला उंबरा नसेल तर विटांचा बांध घालायचा, आणि ४८ तास सोडायचं. मग खालच्या फ्लॅटमध्ये जाऊन छत बघायचं. साइटवाले कुरकुर करतात, वेळ नाही म्हणतात, "आमचं झालंय हे" म्हणतात, तुम्ही म्हणायचं झालं असेल तर त्याचे फोटो द्या नाही तर परत करू. वॉटरप्रूफिंग नंतर दुरुस्त करायचं म्हणजे सगळ्या टाइल्स, कमोड, पाइप उखडायचे, तेव्हा हे दोन दिवस फार स्वस्त पडतात.

मोजमापही करा. कार्पेट एरिया म्हणजे आतली वापरायची जागा, त्यात आतल्या पार्टिशन भिंती धरतात, बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी धरत नाहीत. महाराष्ट्राच्या मॉडेल ॲग्रीमेंटमध्ये ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेतलाय, त्यापलीकडे कमी निघाला तर पैसे परत मागायचे.

आता जे जे सापडलं त्याची यादी करा, दोन प्रती, एकीवर त्यांच्या माणसाची सही, तारीख आणि शिक्का. सही देत नसेल तर तिथे उभं राहूनच ती यादी त्यांच्या अधिकृत मेलवर पाठवा. पझेशन लेटरवर "फ्लॅट पूर्ण समाधानकारक असून कोणतीही तक्रार नाही" असं छापलेलं असतं, त्याखाली हाताने लिहा, "सोबतच्या यादीतील दोष वगळून व कायद्यातील हक्क राखून". आणि तुम्ही आधीच न लिहिता सही करून बसला असाल तरी घाबरू नका, ती ओळ छापून घेतली म्हणून कायद्याने घातलेली पाच वर्षांची जबाबदारी उडत नाही. एकतर्फी अटी लादणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच फ्लॅटच्याच केसमध्ये सांगितलंय.

दोष दिसला, आता पुरावा

इथे लोक दोन टोकांना जातात, एक तर काहीच करत नाहीत किंवा घाईघाईत स्वतःचा माणूस बोलावून सगळं उखडून दुरुस्त करून टाकतात आणि मग बिल पाठवतात. दुसरं जास्त नुकसानीचं, कारण पुरावाच उखडला गेला. छताचं प्लास्टर पडतंय, शॉर्ट सर्किट होतंय अशी खरीच तातडी असेल तर आधी फोटो-व्हिडिओ, मग बिल्डरला मेल की जिवाला धोका आहे म्हणून तात्पुरतं काम करतोय, आणि मग तेवढंच तात्पुरतं काम, पावतीसकट.

तड्याचा फोटो नुसता काढू नका. शेजारी पट्टी किंवा नाणं धरा म्हणजे रुंदी कळते, आणि एक फोटो लांबून काढा म्हणजे तडा कुठल्या खोलीत कुठे आहे ते कळतं. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने बारीक रेघ मारून तारीख लिहा. दोन महिन्यांनी तडा रेघ ओलांडून पुढे गेला असेल तर तो वाढतोय हे तुमच्या भिंतीनेच लिहून दिलं की. प्लास्टरचे केसासारखे बारीक तडे बहुतेक वेळा सुकताना पडतात, त्यांची फार चिंता नको. बीम आणि विटांची भिंत जिथे जुळते तिथे आडवा सरळ तडा असेल तर तिथे जाळी लावलेली नसते, तो कारागिरीतला दोष, यादीत घ्या. पण कॉलम किंवा बीमवर तडा, त्यातून गंजाचे तांबूस डाग, किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका वाढत जाणारा तडा दिसला तर गवंडी नको, स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवा.

इंजिनिअरचा रिपोर्ट हा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे असं माझं स्पष्ट मत आहे, आणि लोक नेमका तिथेच पैसा वाचवतात. एकट्याला जड जात असेल तर त्याच लाइनीतले चार-पाच फ्लॅट मिळून करा. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी, ओलावा मोजायचं मीटर अशा तपासण्या तोडफोड न करता होतात. त्याच्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या, दोष काय आहे, कारण काय आहे, म्हणजे बांधकामातलं की वापरातलं, आणि दुरुस्तीची पद्धत व अंदाजे खर्च काय. कारण लिहिलेलं नसेल तर रिपोर्ट अर्धाच, कारण समोरचा वकील पहिली काठी तिथेच घालतो.

नोटीस, म्हणजे ज्यासाठी एवढं सगळं केलं

साध्या मराठीत लिहिली तरी चालते, वकीलच पाहिजे असं नाही. पण "बाथरूममध्ये लीकेज आहे, कृपया लक्ष द्यावे" असली चिठ्ठी नको. दोष असा लिहा की न पाहिलेल्या माणसालाही तो दिसला पाहिजे. उदाहरणार्थ:

"आमचा फ्लॅट क्रमांक अमुक, ताबा दिनांक अमुक. फ्लॅटच्या मोठ्या बेडरूमच्या पश्चिमेकडील भिंतीवर खिडकीच्या डाव्या बाजूस सुमारे चार फूट बाय तीन फूट भागात जूनपासून ओल असून प्लास्टर सुटले आहे. आमच्या बाथरूमचे पाणी खालच्या फ्लॅटच्या छतातून झिरपते. फोटो व इंजिनिअरचा अहवाल सोबत जोडला आहे. रेरा कायद्याच्या कलम १४(३) नुसार हे दोष आपल्या निदर्शनास आणून देत आहोत. हे पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांत ते विनामूल्य दुरुस्त करावेत. न केल्यास भरपाईसह योग्य त्या ठिकाणी दाद मागू."

एवढं पुरतं. शिव्या नको, धमक्या नको, टीव्हीवर जाईन वगैरे तर अजिबात नको, हा कागद उद्या सुनावणीत वाचला जाणार आहे. मेलने पाठवा आणि स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पण पाठवा, महारेराच्या पानावरच्या रजिस्टर्ड पत्त्यावर, साइट ऑफिसला नाही, साइट ऑफिस पुढच्या वर्षी उठून जातं. पोचपावती, ट्रॅकिंगची प्रिंट जपून ठेवा. व्हॉट्सॲप चालतं का असं सगळे विचारतात. पुरावा म्हणून उपयोग होतो, पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं, आणि सुपरवायझरचा नंबर म्हणजे कंपनी का, हा वाद वेगळाच. मेल आणि पोस्ट सोपं.

गच्ची, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, टाक्या, ड्रेनेज हे सामाईक भागातलं असेल तर सोसायटीने जनरल बॉडीत ठराव करून नोटीस द्यायची. सोसायटी झालेलीच नसेल किंवा कमिटीतच बिल्डरचे मित्र असतील तर तुमच्या फ्लॅटमध्ये त्याचा जो परिणाम दिसतो त्याची वैयक्तिक नोटीस तुम्ही देऊन टाका, वाट बघू नका.

नवीन दोष दिसला की नवीन नोटीस. पहिली दिली म्हणून पुढचं सगळं आपोआप त्यात येत नाही.

बिल्डर काय काय म्हणणार

"तुम्ही इंटिरियर केलंय." कधी कधी हे खरं असतं हो. बाथरूमच्या टाइल्स स्वतः बदलल्या, भिंत पाडली, बाल्कनी आत घेतली, तर त्या भागाचा दावा जवळपास गेलाच समजा. म्हणून ओल्या जागांना पाच वर्षं हात न लावणं बरं. पण हॉलमध्ये फर्निचर केलं म्हणून गच्चीतून गळतंय हे काही पटणारं नाही, इंजिनिअरचा कारणवाला रिपोर्ट इथे कामी येतो.

"ही नॉर्मल झीज आहे, मेंटेनन्स सोसायटीने ठेवला नाही." गच्चीच्या पन्हाळ्या पानांनी तुंबलेल्या असतील तर त्याला मुद्दा मिळतो. सोसायटीने साफसफाईची नोंद ठेवावी, पावसाळ्याआधी फोटो काढावेत. नळाचा वॉशर, घासून गेलेला रंग हे बिल्डरच्या माथी मारू नका, यादी फुगवली की खरे दोषही हलके वाटायला लागतात. पंप, लिफ्ट यांना कंपनीची वेगळी वॉरंटी असते, ते कागद हस्तांतरणाच्या वेळीच मागून घ्या.

"ॲग्रीमेंटमध्ये आम्ही एकच वर्ष लिहिलंय." महारेराने दोषनिवारणाचं कलम बदलता न येणारं ठरवलंय, आणि मुळात कायद्याने दिलेलं करारात कमी करता येत नाही.

"पावसाळ्यात वॉटरप्रूफिंग होत नाही." हे मात्र बऱ्याच अंशी बरोबर आहे, ओल्या स्लॅबवर काम टिकत नाही. अशा वेळी ३० दिवसांचा हट्ट धरण्यापेक्षा लेखी वेळापत्रक घ्या, कुठलं काम, कोणत्या पद्धतीने, कुठल्या तारखेला सुरू, कधी संपणार, आणि "यामुळे माझे हक्क सोडलेले नाहीत" हे एक वाक्य. काम झाल्यावर लगेच "काम पूर्ण, समाधान" अशी सही मागतात, ती पुढच्या पावसाळ्यानंतर. खालून छतात इंजेक्शन मारून जाणारे लोक येतील, त्याने पाणी एका जागी थांबून दुसरीकडून निघतं असाच माझा अनुभव, गळती वरून बंद व्हायला हवी.

नाहीच केलं तर

रस्ते दोन, महारेरा आणि ग्राहक आयोग. दोन्ही खुले आहेत, रेरा आहे म्हणून ग्राहक आयोगात जाता येत नाही असं नाही, हे सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२० मध्ये स्पष्ट केलंय. पण एकाच मागणीसाठी दोन्हीकडे एकदम नाही, एक निवडायचं. साध्या दिवाणी कोर्टात मात्र रेराच्या अखत्यारीतला दावा नेता येत नाही.

महारेराकडे तक्रार ऑनलाइन होते, फी ५,००० रुपये. इथे एक बारकावा आहे ज्यात लोक चुकतात आणि महिने वाया जातात. दुरुस्त करून द्या असा आदेश हवा असेल तर तक्रार प्राधिकरणाकडे, आणि पैशात भरपाई हवी असेल तर ती ठरवण्याचा अधिकार ॲडज्युडिकेटिंग ऑफिसरकडे, कलम ७१ खाली, दोन्हीचे फॉर्म वेगळे. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२१ मध्ये ही वाटणी पक्की केलीय. त्याआधी महारेराच्या सलोखा मंचावरही जाता येतं, त्यात ग्राहक संघटनेचा माणूस आणि बिल्डरांच्या संघटनेचा माणूस समोर बसून तोडगा काढतात. बिल्डर अजून त्याच भागात फ्लॅट विकत असेल तर त्याला नाव खराब व्हायला नको असतं आणि तिथे काम होऊ शकतं, पण प्रोजेक्ट संपवून निघून गेलेल्याकडून मी फार आशा ठेवणार नाही.

ग्राहक आयोगात २०१९ च्या कायद्याप्रमाणे तुम्ही दिलेल्या रकमेवरून ठरतं कुठे जायचं, ५० लाखांपर्यंत जिल्हा, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य, त्याच्याही वर राष्ट्रीय. फ्लॅटची किंमत बघायची, दुरुस्तीचा खर्च नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, म्हणून नोटिशीचे ३० दिवस उलटले की झोपून राहू नका. फी कमी असते, मानसिक त्रासाचीही भरपाई एकत्रच मागता येते. घरबांधणी ही 'सेवा' आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९३ मध्ये लखनौच्या विकास प्राधिकरणाच्या केसमध्ये ठरवलं, तेव्हापासून हे दार उघडं आहे. कुठे काय करायचं हे विचारायला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

दोन्हीकडे आकडा मोकळा मागू नका. दोन वेगळ्या कॉन्ट्रॅक्टरची कोटेशन, इंजिनिअरची फी, काम चालू असताना बाहेर राहावं लागलं तर भाडं, खराब झालेल्या फर्निचरच्या पावत्या, असं जोडून बेरीज करा.

जिंकल्यावर पैसे लगेच खात्यात येतात असं मात्र समजू नका. बिल्डर अपिलात जाऊ शकतो, त्याला ६० दिवस आहेत, पण भरपाईच्या आदेशाविरुद्ध अपील चालवायचं तर व्याजासकट पूर्ण रक्कम आधी अपील ऐकणाऱ्या ट्रिब्युनलकडे भरावी लागते, कलम ४३(५), हा ग्राहकाच्या बाजूचा मोठा खिळा आहे. अपील नाही आणि पैसेही नाही, तर महारेरा वसुलीचं वॉरंट काढतं आणि कलेक्टर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतो. तलाठी-तहसीलदार पातळीवर ते रेंगाळतं, तिथे स्वतः जाऊन बिल्डरच्या न विकलेल्या फ्लॅटची माहिती देत राहावं लागतं, तीही महारेराच्याच पानावर असते.

रिसेलचा फ्लॅट घेत असाल तर

जुन्या मालकाकडून घेताना पाच वर्षांचा विषय संपलेला असेल तर तुमच्या हातात उरतं ते १८८२ च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ५५. त्याला माहीत असलेला लपलेला दोष त्याने लपवला तर ती फसवणूक धरली जाते, पण त्याला माहीत होतं हे सिद्ध तुम्हाला करायचंय. म्हणून टोकन द्यायच्या आधी मेलवर सरळ विचारा, गळती कधी झाली होती का, कधी दुरुस्ती केली, खालच्या फ्लॅटवाल्याची तक्रार आहे का. त्याचं "नाही, काही प्रॉब्लेम नाही" हे उत्तर तुमचा पुरावा. सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट मागा, आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षं जुन्या बिल्डिंगचं पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या बिल्डिंगचं तीन वर्षांतून एकदा व्हायला हवं. नुकताच रंग दिलेला रिकामा फ्लॅट दिसला की खालच्या मजल्यावरची बेल वाजवा आणि त्यांचं बाथरूमचं छत बघू द्या म्हणा, फार तर नाही म्हणतील. आणि बँकेने लोन पास केलं म्हणजे फ्लॅट ठणठणीत असं समजू नका, बँक टायटल आणि किंमत बघते, तुमचं वॉटरप्रूफिंग नाही.

पण फ्लॅट तीन-चार वर्षांचाच असेल तर उरलेली मुदत तुम्हालाही मिळते, कारण रेराच्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही अलॉटी, म्हणजे बिल्डरकडून फ्लॅट मिळालेला ग्राहक, म्हणूनच धरलाय. त्यासाठी मूळ मालकाचं पझेशन लेटर, बिल्डरशी झालेलं मूळ ॲग्रीमेंट आणि त्याने आधी दिलेल्या सगळ्या नोटिसा व पोचपावत्या सेलडीडच्या दिवशीच ताब्यात घ्या, मुदत पहिल्या पझेशनच्या तारखेपासून मोजतात आणि तो कागद नंतर मागायला गेलात की त्याचा फोन लागत नाही.